खिरापतीचा डबा

मला त्या माणसाची भीती वाटली, पण भीतीपेक्षा किळस जास्त आली. आणि त्याच्याहून जास्त किळस आली ती त्याला खुर्ची देऊन, पोहे वाढून 'आपला माणूस' म्हणणाऱ्यांची. हे आधीच सांगून टाकते. पुढे कुठं माझा आवाज मऊ लागला, तर ते माझं वळण आहे असं समजावं. माफ वगैरे मी कोणाला केलेलं नाही.

आम्ही जबलपूरचे मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि भांडण झालं तर दोन्ही. जबलपुरातल्या आमच्या गोरखपूर मोहल्ल्याच्या बाजारात भाजी घेताना कानावर कोणाचं 'काय भाव?' पडलं, की आमची माणसं जागच्या जागी थांबतात. 'तुम्ही मराठी का?' झालं. मग पिशव्या खाली ठेवल्या जातात. कुठले, कोणत्या खात्यात, घर कोणत्या गल्लीत, मुलं किती, मुलगी काय करते, लग्न झालं का, नाही तर का नाही, सगळं त्या भाजीच्या गाडीपाशीच सांगून होतं. समोरचा माणूस कोण आहे हे विचारायची गरजच नसते. तो मराठी बोलतो, एवढ्यात त्याची सगळी चौकशी झालेली असते. माझ्या आईचा या बाबतीत कोणी हात धरू शकत नव्हतं. जबलपुरात नवा आलेला कोणताही मराठी माणूस आठवड्याच्या आत आमच्या घरी जेवून गेलेला असायचा.

त्या संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा दारात अनोळखी चपला होत्या. रिछाईला एका मसाल्याच्या कारखान्यात मी चाचणी विभागात आहे. तिखट, हळद, जिरं यांत भेसळ आहे का, ओल किती आहे, हे तपासायचं माझं काम. दिवसभराचा तो वास कपड्यांना, केसांना बसतो, म्हणून घरी आल्यावर मी आधी आंघोळीला पळते. पण बाहेरच्या खोलीतच माझे पाय थांबले. वेताच्या खुर्चीवर एक माणूस पोहे खात बसला होता आणि आई त्याच्या बशीत आणखी पोहे घालत होती.

"ये ये," आई म्हणाली. "हे बघ कोण आलंय. अमरावतीकडचे आहेत. इथं बदली होऊन आले, एकटेच राहून राहिले बिचारे. बाजारात भेटले मला."

त्या माणसाला मी ओळखत होते. नाव माहीत नव्हतं, पण चेहरा पाठ झाला होता. गोरखपूरहून मी अधारतालला एका ऑटोने जाते आणि तिथून रिछाईला दुसऱ्याने. अधारतालच्या स्टँडवर हा रोज उभा असायचा. मी ज्या ऑटोत बसेन त्यात बसायचा. रिछाईला माझ्यामागे उतरायचा आणि कारखान्याच्या फाटकापर्यंत आला की कुठंतरी नाहीसा व्हायचा. मी समजले होते की त्याचंही त्या बाजूला काही काम असेल. माझ्या पाठीमागे येत येत तो आता माझ्या घरात, माझ्या वडिलांच्या खुर्चीत येऊन बसला होता. माझ्याकडे बघून तो हसला, उठून उभा राहिला आणि म्हणाला, "नमस्कार. काकूंनी तुमच्याबद्दल खूप सांगितलं."

मी आत जाऊन न्हाणीघराचं दार लावून घेतलं. पाणी अंगावर घेतलं तरी त्याची नजर काही धुतली जाईना.

आईला मी लगेच सांगितलं. तो गेल्या गेल्याच. तिनं ऐकलं आणि हसली. "अगं, तुझ्याच रस्त्याने जात असेल. एवढ्या मोठ्या शहरात मराठी माणूस भेटला तर देवाची कृपा म्हणायची, तू संशय काहून घेऊन राहिली?" वडील संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "मुलगा तर सभ्य वाटला जी." माझी तिशी उलटलेली, लग्न झालेलं नाही. त्यामुळे आमच्या बाहेरच्या खोलीत बसलेला कोणताही सभ्य मुलगा दोघांना आणखीच सभ्य दिसायचा. हे मला कळत होतं, आणि त्याचाही संताप येत होता.

तो येत राहिला. कधी खोव्याची जिलबी घेऊन, कधी गावाकडून आलेली संत्री घेऊन. वडिलांना पेन्शनच्या कामाला बँकेत घेऊन गेला. गीझर दुरुस्त करून दिला. एकदा दुपारी अचानक पाऊस आला तर मागच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे आईला काढू लागला. आईने ते मला कौतुकाने सांगितलं. माझे कपडे त्याने दोरीवरून काढले, घडी करून दिले, हे ती मला कौतुकाने सांगत होती. त्या दिवसापासून मी माझे कपडे खोलीत, पंख्याखाली वाळवायला लागले. माझी एक जांभळी ओढणी त्याच सुमाराला हरवली. खिळ्याला अडकून फाटलेली, आईने आतून ठिगळ लावून शिवलेली. वाऱ्याने उडाली असेल असं आम्ही दोघी धरून चाललो.

मी नको म्हणत असतानाही माझा फोन नंबर आईने त्याला दिला. 'तुला यायला उशीर झाला तर त्याला विचारता येईल,' म्हणून. मग निरोप सुरू झाले. आधी सुप्रभात आणि गणपतीची चित्रं. मग, 'आज निळा कुर्ता. कालचा बरा होता.' मग, 'दुपारी डबा नाही खाल्ला का?' एकदा आलं, 'आज जिऱ्याचा वास होता तुमच्या केसांना.' ते वाचलं आणि मला कारखान्याच्या बेसिनपाशी ओकारी आली. वास यायला माणूस किती जवळ यावा लागतो? ऑटोत माझ्या मागच्या सीटवर तो होता आणि मला कळलंही नव्हतं. आणखी एकदा आलं, 'जांभळी ओढणी हल्ली दिसत नाही.' मी त्याचा नंबर बंद केला. तो दुसऱ्या नंबरावरून आला. तोही बंद केला, तर तिसऱ्यावरून. मी स्पष्ट लिहिलं की मला तुमच्याशी संबंध नको, माझ्या मागे येऊ नका. उत्तर आलं, 'रागातही किती शुद्ध मराठी!'

कारखान्याच्या फाटकावर त्याने रखवालदाराला सांगितलं होतं की माझं त्याच्याशी ठरलं आहे. रखवालदार मला म्हणाला, "दीदी, आपके मिस्टर आए थे." माझे मिस्टर! मी व्यवस्थापकांकडे गेले. ते सज्जन गृहस्थ, त्यांनी चहा मागवला, मान हलवली आणि सुचवलं की मी काही दिवस रजा घ्यावी. रजा मी घ्यायची. ऑटो मी बदलायची, नंबर मी बदलायचा, वाळत घालायची जागा मी बदलायची. जो उपाय निघे तो माझ्याच गळ्यात पडे. तो मात्र होता तिथंच, आमच्या खुर्चीत.

घरी मी निरोप दाखवले. वडिलांचा चेहरा उतरला, पण त्यांच्या तोंडून निघालं ते हे: "आपलाच माणूस आहे, बोलून घेऊ." आईने फोन हातात घेऊन ते सगळं वाचलं, आणि म्हणाली, "काळजी करून राहिला गं तो. पद्धत चुकली त्याची." जिऱ्याच्या वासाला माझ्या आईने काळजी म्हटलं. त्या रात्री मी तिच्याशी बोलले नाही, आणि पुढे कितीतरी दिवस कामापुरतंच बोलले.

गावातल्या मराठी लोकांचं एक छोटं मंडळ आहे. गणपती बसवायचा, कोजागिरीला दूध आटवायचं, संक्रांतीला हळदीकुंकू, एवढाच त्याचा पसारा. अध्यक्ष म्हणजे वडिलांचे कारखान्यातले जुने साहेब. वडील अजूनही त्यांच्यासमोर उभ्यानेच बोलतात. गणपतीच्या आधी त्यांच्याकडे बैठक झाली. चिवडा, चहा, खाली सतरंजी घातलेली. एका बाजूला मी आणि आईवडील, दुसऱ्या बाजूला तो, पांढऱ्या स्वच्छ कुर्त्यात. मी फोन पुढे केला. अध्यक्षांनी चष्मा लावून दोन निरोप वाचले, तिसरा अर्धा वाचला आणि फोन मला परत दिला.

"भाषा तर वाईट नाही वापरली," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "बेटा, गावात चार घरं आपली. पोलिसात गेलं की अख्ख्या समाजाचं नाव जातं. हे हिंदीवाले हसतील आपल्याला."

"काका, मला रोज कामावर जायचंय," मी म्हटलं. "माझ्या मागे कोणी येऊ नये, एवढंच म्हणून राहिले मी."

"चलो, नाही येणार," ते म्हणाले. त्यांनी त्याला माझ्या वडिलांच्या पाया पडायला लावलं. तो पडला, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. सतरंजीवरच्या सगळ्यांना बरं वाटलं. कोणीतरी म्हणालं, प्रायश्चित्त म्हणून मंडळाची सेवा करू दे. मनुष्यबळ कमीच होतं. आणि अध्यक्षांनी तिथल्या तिथं, चिवड्याचा घास तोंडात असताना, त्याच्यावर गणपतीच्या खिरापतीची जबाबदारी टाकली. आरतीनंतर जी घरं येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे मंडळाचा डबा पोचवायचा. गोरखपूरची घरं त्याला दिली, कारण तो त्या बाजूलाच फिरतो हे सगळ्यांना माहीत झालं होतं.

यावर मी हसले. खरंच हसले, मोठ्याने. आईने माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

गणपतीत तो आमच्या दारात उभा राहिला. कपाळाला गंध, हातात मंडळाचं नाव कोरलेला स्टीलचा डबा. "गणपती बाप्पा मोरया. प्रसाद." घरात मी एकटी होते, आणि ते त्याला ठाऊक असणारच. मी म्हटलं, नको. तो म्हणाला, प्रसादाला नको म्हणत नाहीत. मी दार लावून घेतलं. बाहेरून त्याचा आवाज येत राहिला, अगदी मवाळ, "घ्या ना. बाप्पाचा आहे. माझा नाही." शेवटी उंबऱ्यावर डबा ठेवल्याचा आवाज आला.

आई बाजारातून आली, तिनं तो डबा उचलून कपाळाला लावला आणि देवापुढे ठेवला. संध्याकाळपर्यंत सगळ्या मंडळात बातमी झाली. त्याने माझा पाठलाग केला ही बातमी नव्हे. मी प्रसादाच्या तोंडावर दार लावलं, ही. फोनवर फोन. एक बाई, जिने मला लहानपणी मांडीवर खेळवलं, ती आईला म्हणाली, "शिकलेल्या पोरी ना, देवाला पण नाही मानून राहिल्या." कोणाच्याही तोंडी जिऱ्याचा वास नव्हता, फाटकावरचे मिस्टर नव्हते. खोबऱ्याची खिरापत तेवढी होती. त्या दिवशी मला आपल्या माणसांची जी शिसारी आली ती अजून पुरती गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी पोलीस ठाण्यात गेले. तक्रारी लिहून घेणाऱ्या मुंशीजींनी माझं म्हणणं ऐकलं आणि पेनाचं टोपण काढायच्या आधीच विचारलं, "नंबर किसने दिया उसको?"

"घर से मिला."

"घर आता-जाता था?"

"हाँ. पर मेरे लिए नहीं."

"अच्छा." ते मागे रेलले. "मैडम, परसाद ही तो लाया था. बम थोड़े ही लाया था." बाजूच्या टेबलावरचा शिपाई हसला. मुंशीजी मला समजावायला लागले की घरच्यांनीच ज्याला येऊ दिलं, ज्याला नंबर दिला, त्याच्यावर गुन्हा टिकत नाही, आणि लग्नाचं वय आहे, विचार करा. मी उठून आले. चिडचिड झाली, पण त्यातला एक भाग खराही होता. त्याच्याकडे आमचा पत्ता होता, नंबर होता, आमच्या चहाची चव होती, आणि हे सगळं त्याला आम्हीच दिलं होतं.

घरी आले तर निर्णय झालेला. मी नागपूरला मावशीकडे जायचं, थोडे दिवस. नोकरीचं पुढे बघू. वडील तिकिटाबद्दल बोलत होते. "थोडे दिवस म्हणजे किती?" मी विचारलं. वडील गाडीची वेळ सांगायला लागले. सगळ्यांना ठाऊक होतं की कारखाना माझी वाट बघत बसणार नाही. एवढ्या वर्षांत मिळवलेलं ते टेबल, ती सूक्ष्मदर्शकं, मी सही केल्याशिवाय न हलणारा माल, सगळं त्या एका माणसाच्या सोयीसाठी सोडून मी नागपूरला मावशीच्या स्वयंपाकघरात बसायचं. मी भांडले. मग दमले. मग बॅग काढली. बॅग भरताना मला रडू आलं नाही, स्वतःचीच घाण वाटली.

आणि तिकडे आई रव्याचे लाडू वळत होती.

मंडळाचा तो डबा तिला परत करायचा होता, आणि आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. माझ्या वागण्याची दिलगिरीही त्याच्याच हाती देऊन यावी, असं तिच्या मनात. मी बॅगेत कपडे कोंबत राहिले. तिनं अध्यक्षांना फोन करून त्याचा पत्ता विचारला. आजवर तो सांगत आला होता की मदनमहालच्या बाजूला राहतो. अध्यक्षांनी सांगितलेला पत्ता आमच्याच मागच्या गल्लीतला निघाला. आईला त्यात आनंदच झाला, लांब जायला नको. भर दुपारी, डोक्यावर पदर घेऊन, डबा घेऊन ती गेली.

ती परत आली तेव्हा डबा तिच्या हातातच होता. तिनं चपला काढल्या नाहीत. सरळ न्हाणीघरात गेली आणि मला तिच्या ओकाऱ्या ऐकू आल्या.

मग तिनं सांगितलं. खोली वरच्या मजल्यावर होती. त्यानं दार उघडलं, काकू काकू करत आत घेतलं, खुर्ची दिली, चहा ठेवायला वळला. खुर्चीसमोर खिडकी. खिडकीतून आमची मागची गॅलरी, आमची दोरी, दोरीवर वडिलांचा बनियन, आणि माझ्या खोलीचा पडदा. आई म्हणाली, पडद्यावरची फुलंसुद्धा मोजता आली असती. ती उठायला लागली, तेव्हा तिची नजर पलंगाकडे गेली. उशीवर जांभळी ओढणी पसरलेली होती. ठिगळ वरच्या बाजूला. स्वतःच्या हातचे टाके आईला ओळखू आले.

"चहा घ्या ना काकू, म्हणून राहिला होता," ती म्हणाली. "त्याच आवाजात. जसा इथं बोलतो."

तिने ते लाडू कचऱ्याच्या डब्यात ओतले. सांडलेलं भाताचं शीतही उचलणारी माझी आई. मग तिने तो डबा राखेनं घासला, परत घासला, आणि घासता घासता मला म्हणाली, "ती बॅग उघड. कपडे कपाटात ठेव." मी तिला मिठी मारली नाही. तेवढं मोठं माझं मन अजून झालं नव्हतं. पण बॅग उघडली.

त्याच संध्याकाळी आम्ही तिघं ठाण्यात गेलो. मुंशीजी होतेच. आईने त्यांना सांगितलं की तिला बाई अधिकाऱ्यांशी बोलायचंय, आणि त्या येईपर्यंत ती बाकावरून उठणार नाही. तिच्या मांडीवर मंडळाचा डबा होता. तो तिनं का आणला होता ते तिलाही सांगता आलं नसतं. बाई अधिकारी आल्या, मध्यम वयाच्या, दिवसभराने थकलेल्या. त्यांनी माझे निरोप वाचले, सगळे वाचले. जिऱ्याच्या वासाशी थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं. मग मला विचारलं, "आप क्या चाहती हैं?" तोवर हा प्रश्न मला कोणीही, माझ्या घरातही, विचारला नव्हता. मी म्हटलं, मला इथंच राहायचंय आणि कामावर जायचंय.

मग त्यांनी तोच प्रश्न विचारला. "नंबर किसने दिया?"

"मैंने दिया," आई म्हणाली. "इसने नहीं दिया. इसने तो मना किया था. घर में भी मैंने ही बिठाया, खाना मैंने खिलाया."

"क्यों दिया, माताजी?"

आईने वडिलांकडे पाहिलं, मग डब्याकडे. "मराठी बोलता था. इसलिए दिया."

बाईंचं पेन थांबलं. "यही लिखूँ?"

"यही लिखो."

पुढचं काही सिनेमासारखं झालं नाही. त्याच्या खोलीवर पोलीस गेले, ओढणी मिळाली, त्याला आणलं, आणि पहिल्याच वेळचा गुन्हा म्हणून त्याला जामीनही मिळाला. तारखा अजून पडताहेत. प्रत्येक तारखेला मला अर्ध्या दिवसाची रजा घ्यावी लागते, आणि प्रत्येक वेळी कोर्टाच्या पायऱ्यांवर तो मला नमस्कार करतो. त्याच्या खात्याने काय केलं, तर बदली. दुसऱ्या शहरात, पगार तोच. तिथंही मराठी घरं असतील, तिथंही कोणी आई भाजी घेत असेल. मला त्या अनोळखी बाईची काळजी वाटते आणि ज्याने त्या बदलीच्या कागदावर सही केली त्याचा तिरस्कार वाटतो.

मंडळाने आमच्या घरी येणं कमी केलं. विसर्जनानंतर अध्यक्षांचा फोन आला. मला वाटलं, निदान ओढणीचं कानावर गेल्यावर लाज वाटली असेल. ते वडिलांना म्हणाले, "मंडळाचा एक डबा कमी भरून राहिला. तुमच्याकडे राहिला का?" वडील, जे त्यांच्यासमोर आयुष्यभर उभे राहिले, त्यांनी उत्तर न देता फोन आईच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी आई स्वतः डबा घेऊन त्यांच्या घरी गेली, त्यांच्या बायकोच्या हातात ठेवला आणि निघाली. डबा रिकामा होता. झाकण उघडून ती बाई आत बघतच राहिली, असं आईने आल्यावर सांगितलं, आणि बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघी एकत्र जेवलो.

मी रिछाईला जाते. तोच ऑटो, तोच स्टँड. कारखान्यातल्या मुली कधी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी येऊन घुटमळतात, हातात फोन धरून. मी त्यांना एवढंच विचारते, तुला काय पाहिजे? मग ठाण्यात सोबत जाते. मुंशीजी मला बघून तोंड वाकडं करतात, पण पेनाचं टोपण आता लवकर काढतात.

परवा आम्ही दोघी बाजारात होतो. आई मेथी निवडत होती, माझ्याशी काहीतरी बोलली, आणि बाजूला उभी असलेली एक मुलगी एकदम वळली. विशीतली, पाठीवर सॅक, चेहऱ्यावर तो आनंद, जो मी लहानपणापासून आईच्या चेहऱ्यावर बघत आले होते. "काकू, तुम्ही मराठी का?"

"नहीं बेटा," आई म्हणाली आणि पिशवी उचलून चालू लागली.

मला धक्का बसला. त्या मुलीचा चेहरा पडला. ती आमच्या मागे दोन पावलं आली, हिंदीत माफी मागत, "सॉरी आंटी, मुझे लगा आप लोग... मैं यहाँ नई हूँ ना. अकेली रहती हूँ, वो पानी की टंकी के पीछे वाली गली में, ऊपर का कमरा. ऑफ़िस से आते-आते सात बज जाते हैं, कोई बोलने को..."

आई थांबली. मागे वळली, आणि भर बाजारात तिच्यावर मराठीतून ओरडली.

"पोरी, हे सगळं मला काहून सांगून राहिली? मी कोण आहे, माहीत आहे का तुला? गल्ली सांगितली, खोली सांगितली, किती वाजता येते ते सांगितलं. मी कोण आहे तुझी?"

मुलगी घाबरून एक पाऊल मागे सरली. भाजीवाला बघायला लागला. आईने मेथीची पिशवी माझ्या हातात दिली, त्या मुलीचा हात धरला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "माझ्या या लेकीचा नंबर घेऊन ठेव. कधी काही वाटलं तर फोन कर, कितीही वाजू दे. पण पत्ता कोणाला सांगू नको. मराठी असला तरी नको सांगू. आम्हालाही सांगू नको."